हजेरीपटाबाहेरचे मूल

सीमाभागाचा इतिहास आपण बहुधा नकाशावरून सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, असे त्याने १९६७ च्या अहवालात सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. हा घटनाक्रम इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्यात नवल नाही, कारण या वादाच्या मुळाशी एक शाळेचाच प्रश्न होता : आमच्या मुलाने पहिले अक्षर कोणत्या भाषेत गिरवावे?

प्रस्तुत लेखाचा विषय त्याच प्रश्नापासून सुरू होतो. पण तो ज्या मुलाविषयी आहे ते मूल या वादात कधी कुणाला आठवले नाही. हाक मारली तरी ते वळून पाहत नाही. बोलणे त्याला उशिरा येते, अपुरे येते, किंवा येतच नाही. वर्गातला गलका त्याला सोसवत नाही. ठरलेल्या क्रमात जरासा बदल झाला तरी ते कासावीस होते. आज आपण त्याला स्वमग्न मूल म्हणतो. सीमाभागातील अशा मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र इतिहास लिहिला गेलेला नाही. तो कायद्यांच्या कलमांत, शाळांच्या हजेरीपटांत आणि घराघरांतल्या खर्चाच्या वहीत विखुरलेला आहे. तो जुळवून पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याची गणना झाली त्याच्यासाठी तरतूद झाली. ज्याची झाली नाही त्याचा खर्च आईने भरला, बराचसा पैशात आणि त्याहून अधिक आयुष्यात.

आधी शब्दाविषयी थोडे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडविली, ती प्रौढ मनोरुग्णांच्या संदर्भात. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. शब्द देखणा आहे. पण तो थोडी दिशाभूलही करतो. आपल्याकडे ‘मग्न’ या शब्दाला प्रतिष्ठा आहे : ध्यानमग्न, कार्यमग्न, चिंतनमग्न. त्यामुळे हे मूल स्वतःत रमलेले आहे, मनात आणले तर ते बाहेर येईल, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्याच्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते; आवाज, स्पर्श, चेहऱ्यावरचे भाव आणि शब्द यांचा अर्थ ते निराळ्या वाटेने लावते. ती वाट ओळखून शिकविले तर ते शिकते. या मुलाच्या शिक्षणाचा सगळा इतिहास म्हणजे ती वाट शोधण्याचा इतिहास होय.

त्याची सुरुवात फार मागे जाते. १८०० साली फ्रान्सच्या आव्हेरों भागात रानात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला. इतार या तरुण वैद्याने त्याला शिकविण्यात काही वर्षे घालविली. हा मुलगा बहुधा स्वमग्न असावा, असे काही आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. इतारला मर्यादितच यश आले, पण त्याची पद्धत मागे राहिली. त्याचा शिष्य सेगँ याने हाताने हाताळण्याच्या वस्तूंतून मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांना शिकविण्याचे तंत्र विकसित केले. या दोघांचे लेखन अभ्यासून मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये आधी अशाच मुलांसाठी साधने तयार केली. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या बालगृहात ती सामान्य मुलांच्या हाती आली. पुढे हा विचार आपल्याकडे आला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्याला भारतीय मातीतले रूप दिले. आज गावोगावच्या बालवाडीत रंगीत ठोकळे, मणी ओवणे, खाचेत आकार बसविणे दिसते, त्याचे मूळ इथे आहे. ज्या मुलांसाठी ही साधने प्रथम घडली, त्यांनाच पुढे वर्गाबाहेर बसावे लागले, हा शिक्षणाच्या इतिहासातला मोठा विपर्यास म्हटला पाहिजे.

तो विपर्यास घडला कसा? प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी आपल्याकडे विसाव्या शतकात कायदे झाले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला गेला. पण काही कारणे सबळ मानली गेली. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे मूल शाळेत येऊ शकत नसेल तर पालकावर सक्ती नाही, अशी सूट त्या काळच्या अनेक राज्यांच्या कायद्यांत आढळते. सूट दयाबुद्धीनेच दिलेली होती. तिचा परिणाम मात्र असा झाला की, सक्तीच्या शिक्षणाच्या राज्यात हे मूल अधिकृतपणे हजेरीपटाबाहेर गेले. त्याच्या नावाने ना बाक मोजला गेला, ना शिक्षक, ना पाटी-पुस्तक.

शाळेबाहेरच्या अशा व्यक्तीसाठी या भागात जी जुनी सरकारी जागा होती, ती होती धारवाडचे मनोरुग्णालय. त्याची स्थापना १८४५ ची. १९५६ पूर्वी धारवाड आणि बेळगाव दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते, नंतर दोन्ही म्हैसूरमध्ये गेले. म्हणजे नकाशा बदलला तरी ही वाट बदलली नाही. आज त्या संस्थेचे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत रूपांतर झाले आहे. परंतु एक काळ असा होता की, न बोलणाऱ्या, हात हलवत राहणाऱ्या मुलापुढे दोनच पर्याय असत : घराची आतली खोली किंवा वेड्यांचे इस्पितळ. मधे शाळा नव्हती.

या मुलांची वेगळी ओळख पटली ती १९४३ साली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे लिओ कॅनर यांनी ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. आणि या दोघांच्या आधी, १९२५-२६ च्या सुमारास, सोव्हिएत डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांची नोंद केली होती. ओळख पटली, तसा दोषही शोधला गेला. आणि तो सापडला आईत. थंड, मायेचा ओलावा नसलेल्या आयांमुळे मुले अशी होतात, हा विचार पश्चिमेत दोन दशकांहून अधिक काळ प्रबळ होता. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली तो ग्रंथरूपाने मांडला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ सालीच या मताला उत्तर दिले होते : कारण जैविक आहे, आईचे वागणे नव्हे. आज तेच मत सर्वमान्य आहे.

आपल्याकडे बेटेलहाइमचे नाव कुणी ऐकले नव्हते. तरी दोष आईलाच लागला. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नजर लागली, बाहेरची बाधा झाली. आणि अलीकडच्या काळात, आई नोकरीला जाते, मुलाला टी.व्ही.पुढे बसविते, बोलायला शिकवीत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा मामाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता,’ असे म्हणून घरातली वडील माणसे धीर देतात. तो धीर प्रेमाचा असतो. पण त्यात उमेदीची वर्षे निघून जातात. प्रयोगशाळेतला सिद्धांत असो की पारावरची समजूत, आरोपीच्या पिंजऱ्यात आईच उभी राहिली, हे पूर्व-पश्चिमेतले साम्य विसरता येत नाही.

कॅनर यांच्या ११ मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड. त्याची हकिकत आपल्या भागाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. तो मिसिसिपी राज्यातल्या एका लहान गावचा. आधी त्याला एका संस्थेत ठेवले होते; आईवडिलांनी परत आणले. पुढे काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. डोनाल्डला आकड्यांचे आणि मोजण्याचे विलक्षण वेड होते. त्या शेतकऱ्याने ते वेड मोडून काढले नाही. विहिरीची खोली मोजायचे काम त्याला दिले. मक्याच्या ओळी मोजायची त्याला हौस होती, तेव्हा नांगर धरून ओळी मोजू दिल्या. मोजता मोजता तो शेत नांगरायला शिकला. पुढे तो शाळेत गेला, पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. सगळ्याच मुलांचे असे होत नाही. कॅनर यांनी १९७१ साली त्या ११ जणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा जी मुले संस्थांत बंद राहिली होती त्यांची अवस्था फार खालावलेली आढळली. मुलाच्या ओढीचा धागा धरून त्याला कामाकडे आणि शब्दाकडे नेणे, हे जे त्या शेतकऱ्याला उपजत सुचले, तेच पुढे शास्त्रशुद्ध अध्यापनाचे सूत्र ठरले.

भारतात मतिमंद मुलांच्या शाळा स्वातंत्र्याच्या आगेमागे निघू लागल्या. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची. कोल्हापूर, बेळगाव यांसारख्या शहरांत अशा शाळा पुढच्या काळात आल्या. स्वमग्न मूल ‘मतिमंद’ या पाटीखाली तिथे बसू लागले. समाजाची नजरही हळूहळू बदलत होती. १९९१ साली आलेल्या ‘चौकट राजा’ या चित्रपटाने मतिमंद मुलाची व्यथा मराठी घरात नेली, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी दिल्लीत पालकांच्या पुढाकारातून ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी राहिली. तोवर आपल्या देशात हे दुखणे श्रीमंत पाश्चात्त्यांचे, असे पुष्कळ डॉक्टरही समजत.

कायद्याच्या वहीत मात्र हा रकाना फार उशिरा उघडला. अपंग मुलांना सामान्य शाळेत सामावून घेण्याची केंद्रीय योजना १९७४ ची; तिच्या काळात अशा शिक्षणाची कल्पना प्रामुख्याने अंध, बधिर आणि अस्थिव्यंग मुलांभोवतीच फिरत होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार मोजले. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच ऑटिझम आला. पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांविषयीचा. परिणामी कितीतरी पालकांना सवलतीसाठी मुलाला मतिमंद असल्याचा दाखला काढावा लागे; आणि ज्याचा बुद्ध्यंक त्या मर्यादेत बसत नसे, त्याला तोही मिळत नसे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अपंग मुलांचा त्यात स्पष्ट समावेश झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. अखेर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. १९५६ पासून मोजले तर या एका रकान्याला ६० वर्षे लागली.

अशी मुले आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, पण स्वमग्नतेचा वेगळा रकाना तिथेही नव्हता. देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ ४,००० मुलांची पाहणी करून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांपैकी एक आपल्या शेजारचे, उत्तर गोवा. त्यातून स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभर मुलांमागे एक असे दिसले. हेच प्रमाण आपल्याकडे धरले तर पाचशे मुलांच्या शाळेत पाच मुले असायला हवीत. आपल्या परिचयाच्या शाळेत ती दिसत नसतील, तर ती कुठे आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

आता खर्चाचा हिशेब मांडू. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला १,२०० रुपयांची मर्यादा होती. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत ती ३,५०० रुपये झाली, आणि मुलींना दरमहा २०० रुपयांचा भत्ता. ३,५०० रुपये म्हणजे दिवसाला दहा रुपयांहून कमी. दुसऱ्या बाजूला, समजा, वाचोपचाराच्या एका सत्राला ५०० रुपये पडतात आणि आठवड्यातून दोन सत्रे होतात. वर्षाची ५० आठवड्यांची १०० सत्रे, म्हणजे ५०,००० रुपये. सरकारची वर्षाची तरतूद यात सातव्या सत्राला संपते. अशा मुलाला बहुधा एकट्या वाचोपचारावर भागत नाही. शरीराच्या हालचाली आणि स्पर्श-आवाजाच्या सवयी यांसाठीचा व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षक यांचीही गरज लागते.

हा झाला रोकड खर्च. निपाणीतील एक दिवस कल्पून पाहू. हा दिवस कल्पित आहे, पण असंभव नाही. आई विड्या वळते. निपाणीची तंबाखू, विडी आणि त्या धंद्यातल्या बायकांचे कष्ट यांची ओळख या भागातल्या वाचकाला करून द्यायला नको. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने या गावाचे नाव देशभर नेले. विडीचे काम घरी बसून होते. म्हणून मूल नजरेसमोर राहते, हा त्यातला फायदा. ज्या दिवशी उपचारासाठी जायचे त्या दिवशी मात्र सूप बाजूला ठेवावे लागते. बेळगाव ७५ किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर ४० च्या आसपास. पाऊण तासाच्या सत्रासाठी अर्धा दिवस एस.टी.त आणि थांब्यावर जातो. गर्दीत मूल कानांवर हात ठेवून किंचाळते. शेजारचा प्रवासी म्हणतो, ‘जरा शिस्त लावा हो पोराला.’ त्या दिवशीची विड्यांची मजुरी बुडते. विडी कामगारांच्या मुलांसाठी १९७६ च्या कल्याण निधी कायद्याच्या आधारे शिष्यवृत्त्या आहेत. पण शिष्यवृत्ती इयत्तेला मिळते. ज्याला इयत्ताच नाही, त्याला ती कशी मिळावी? पुन्हा हजेरीपटाचाच प्रश्न.

आणि वयाचा. शिक्षण हक्क कायदा असो की दिव्यांग हक्क कायदा, मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. तज्ज्ञ सांगतात की, दोन ते सहा या वर्षांत केलेले प्रयत्न सर्वांत फळतात. म्हणजे ज्या चार वर्षांत शिकविणे सर्वांत मोलाचे, त्या चार वर्षांचा भार जवळजवळ पूर्णपणे घरावर आहे. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी होते आणि विकासातील विलंबही पाहिला जातो. जिल्हा पातळीवर शीघ्र उपचार केंद्रांची योजना आहे. अंगणवाडीच्या ताईने ‘हे मूल बोलावले तरी बघत नाही’ एवढे वेळेवर टिपले आणि त्याला पुढे धाडले, तर किती वर्षे वाचतील! परंतु टिपणे आणि शिकविणे यांत अंतर असते. ते अंतर शिक्षकाचे आहे.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निकाल देताना स्वमग्न मुलांसाठी पाचांमागे एक शिक्षक हे प्रमाण ग्राह्य धरले. पाचांमागे एक! आपल्या मराठी शाळांत पटसंख्येअभावी दोन-दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतात, तिथे हे प्रमाण वाचून खिन्न हसू येते. बेळगावला शिक्षिका घडविण्याची चांगली परंपरा आहे. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीने इथल्या अध्यापिका विद्यालयात आयुष्याची बरीच वर्षे दिली. मराठी वर्गासाठी विशेष शिक्षक घडविणे मात्र या परंपरेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी ठळकपणे आले नाही. महाराष्ट्राने प्रशिक्षण दिलेला शिक्षक सीमेपलीकडे सहसा येत नाही. कर्नाटकात घडलेला शिक्षक कन्नड आणि इंग्रजीत तयार होतो. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेने १९६५ पासून मोलाचे काम केले, कन्नडमध्ये चाचण्या आणि साहित्य निर्माण केले. मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. निपाणीचे मराठी मूल या दोहोंच्या मधोमध उभे आहे : एका संस्थेपासून भाषेने दूर, दुसरीपासून राज्याने.

इथे आपण मूळ प्रश्नाकडे परत येतो. या मुलाने कोणत्या भाषेत शिकावे? सीमाभागातल्या मुलाच्या कानांवर घरात मराठी, बाजारात कन्नड-मराठीची सरमिसळ आणि शाळेच्या फाटकाआत इंग्रजी पडते. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या पालकांना पूर्वी सर्रास सल्ला दिला जाई, आणि तो अजूनही कानावर येतो : ‘एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा, घरात इंग्रजीच बोला.’ या सल्ल्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या आईला इंग्रजीची चार-सहा वाक्ये येतात, तिने आपल्या मुलाशी त्या चार-सहा वाक्यांतच बोलायचे. ओवी नाही, अंगाई नाही, ‘अगोबाई’ नाही, ‘आलं का माझं सोनं’ नाही. मुलाला बोलते करण्यासाठी आई मुकी होते. गेल्या काही वर्षांत कॅनडा, ब्रिटन इत्यादी देशांत झालेल्या संशोधनाने हा सल्ला निराधार ठरविला आहे. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाच्या बोलण्याला अधिक उशीर होतो, असे आढळले नाही. उलट आईवडिलांनी ज्या भाषेत मनमोकळे बोलता येते त्याच भाषेत बोलावे, असे तज्ज्ञ आता आग्रहाने सांगतात.

म्हणजे मातृभाषेचा जो आग्रह या भागाने सात दशके धरला, त्याला या मुलाच्या बाबतीत अगदी निराळा आधार मिळतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते घटनेत आले तेही १९५६ सालीच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शाळेत राज्याला माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. मराठीच्या बाजूने बोलताना आपण या कलमाचा आधार घेतो. पण हेही कबूल केले पाहिजे की, आपणही त्या कलमातले ‘मूल’ वाचताना पहिल्या बाकावरचे चुणचुणीत मूलच डोळ्यांपुढे आणले. हट्ट भाषेचा धरला, मुलाचा पुरता धरला नाही. आणि कन्नड घरातल्या स्वमग्न मुलाची आईदेखील याच इंग्रजीच्या सल्ल्याने मुकी होते, हे ध्यानात घेतले तर या प्रश्नात दोन्ही भाषांची माणसे एकाच बाकावर बसतात.

राज्यांचे उपाय आपापल्या रेषेपाशी थांबतात. महाराष्ट्राने ८६५ गावांवरचा आपला हक्क सांगताना २०२३ साली तिथल्या मराठी भाषकांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला; कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांची. स्वमग्न मुलाची गरज शस्त्रक्रियेची नसून वर्षानुवर्षे दररोज तासभर शेजारी बसणाऱ्या माणसाची आहे. दोन सरकारे ज्या गावांसाठी भांडतात, त्या गावांतल्या या मुलाशेजारची खुर्ची बहुधा रिकामीच असते. दिव्यांगत्वाचे नवे ओळखपत्र देशभर चालते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. निदान कागदाला तरी सीमा राहिली नाही.

मग साहित्यसंस्थेच्या अंकात हे सारे कशासाठी? याचे उत्तर अगदी लहान आहे. न बोलणाऱ्या मुलांना शिकविण्यासाठी चित्रांचे पत्ते वापरतात. मूल चित्रावर बोट ठेवते, मागते, हळूहळू शब्द जोडते. बाजारात मिळणाऱ्या पत्त्यांवर सफरचंद असते, पावाचा तुकडा असतो, बर्फाचा बाहुला असतो. निपाणीच्या मुलाला हवी असते भाकरी, तांब्या, घोंगडी, एस.टी., आजीची काठी, विडीचे सूप. आणि त्या चित्राखाली त्याच्या घरातला शब्द हवा असतो, पुस्तकी नव्हे, आजी ज्या हेलात उच्चारते तो. हे पत्ते कोण करणार? मुंबईच्या प्रकाशकाला हे शब्द ठाऊक नाहीत, बंगळूरच्या संस्थेला तर नाहीतच. ते ठाऊक आहेत आपल्याला.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. कडोली, उचगाव, कारदगा अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. लोक वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, मातृभाषेवर परिसंवाद होतो. त्याच मांडवात एखाद्या वर्षी चित्रकलेचे शिक्षक, अंगणवाडीच्या ताई आणि दोन-चार आया एकत्र बसून अशा शंभर पत्त्यांचा संच करू शकतील. त्याला आयोग लागत नाही, दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. खर्च फार तर एका मांडवभाड्याचा. सरकारांनी जे करायचे ते त्यांच्याकडे मागत राहावेच; पाचांमागे एक शिक्षक हा हक्क आहे, उपकार नव्हे. पण मुलाचे वय कुणासाठी थांबत नाही.

इतारने त्या रानातल्या मुलाला पहिला शब्द शिकविण्याचा प्रयत्न केला तो दुधाचा पेला समोर धरून. मुलाने शब्द उच्चारला, पण दूध मिळाल्यावर. इतारला ते अपयश वाटले. मागण्यासाठी शब्द वापरावा अशी त्याची अपेक्षा होती. आजचा शिक्षक तसे म्हणणार नाही. आनंदाने उच्चारलेला शब्द हाही शब्दच. आपल्या भागातल्या एखाद्या मुलाने सातव्या वर्षी पत्त्यावर बोट ठेवून ‘भाकर’ म्हटले, तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘हजर’ असे लिहायला हरकत नसावी.